जुन्या फोर बाय फोरसाठी घेतलेला स्कॅनर : वर्षभराच्या वापरानंतर

हे परीक्षण वाहनातील बिघाडांचे कोड वाचणाऱ्या, हातात मावणाऱ्या आणि स्वतःचा पडदा असलेल्या स्कॅनरचे आहे. अशी यंत्रे वेगवेगळ्या नावांनी, पण आतून जवळजवळ एकाच साच्यातली विकली जातात, म्हणून येथे नावाऐवजी क्षमतेवर बोलणे बरे. माझ्याकडचा स्कॅनर इंजिनाखेरीज गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग) यांच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे त्या त्या भागाच्या छोट्या संगणकापर्यंत, पोहोचतो, चालू स्थितीतील आकडे दाखवतो, साठलेले कोड पुसतो आणि काही भागांना थेट आदेश देऊन हलवूनही पाहतो. वर्षभरापूर्वी मी दहा-बारा वर्षे वापरलेली, डिझेल इंजिनाची, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची आणि बटणाने फोर बाय फोरमध्ये जाणारी गाडी विकत घेतली, आणि तिच्यामागोमाग महिनाभरातच हा स्कॅनरही घ्यावा लागला. त्याला पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे माझे मत आहे. उरलेला दीड गुण कोठे गेला ते ओघात येईलच.

त्याआधी माझ्याजवळ फोनला ब्लूटूथने जोडले जाणारे, काडेपेटीएवढे अडॅप्टर होते. गाडीतल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ते खोचले की फोनवर एकच कोड येई : पी०७००. हा कोड स्वतः कोणताही बिघाड सांगत नाही. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलने आपल्याकडे काहीतरी नोंदवले आहे आणि इंजिनाचा दिवा लावण्याची विनंती केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. टपाल आल्याची चिठ्ठी हाती पडावी आणि टपाल मात्र दुसऱ्याच कार्यालयात असावे, तसा हा प्रकार. स्वस्त अडॅप्टर आणि त्यांची फुकटची अॅप बहुधा इंजिनाच्या मॉड्यूलशीच बोलतात, कारण कायद्याने सक्ती झाली ती प्रदूषणाशी संबंधित माहिती उघडी ठेवण्याची. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना हे सॉकेट आणि हे सामाईक कोड बंधनकारक झाले, पण गिअरबॉक्स, ब्रेक किंवा ट्रान्सफर केस यांच्या आतल्या गोष्टी प्रत्येक उत्पादकाने आपापल्या भाषेत ठेवल्या. जुनी फोर बाय फोर सांभाळणाऱ्याची निम्मी दुखणी नेमकी त्या आतल्या भाषेत असतात. सर्व मॉड्यूल वाचणारा स्कॅनर घ्यावा की नाही, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर तिथेच मिळाले.

माझ्या गाडीचे दुखणे असे होते. पावसाळी रात्री, साधारण अर्धा तास गाडी चालली की गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसे. इंजिन नुसते ओरडे, वेग वाढत नसे, थांबून पुन्हा निघताना गाडी ओझ्याच्या बैलासारखी उचले. आणि इंजिन बंद करून पुन्हा सेल्फ मारला की काही काळ सर्व सुरळीत. याला लिंप मोड म्हणतात. मिळणाऱ्या माहितीवर किंवा आपल्याच आदेशांवर भरवसा उरला नाही की गिअरबॉक्सचे मॉड्यूल सॉलिनॉइडांचा (गिअर बदलण्यासाठी ऑइलच्या वाटा उघडझाप करणाऱ्या विजेच्या झडपांचा) वीजपुरवठा सोडून देते. वीज नसताना ऑइलच्या दाबावर जो गिअर लागलेला राहतो, तो अनेक गाड्यांत तिसरा असतो, आणि त्याच्या आधारे निदान घर गाठता यावे अशी ती व्यवस्था आहे. गॅरेजमधील निदान असे झाले की, ज्या अर्थी हे पावसातच होते त्या अर्थी गिअरबॉक्सच्या कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या जोडणीत, पाणी शिरत असले पाहिजे. कपलर फवारा मारून धुतला गेला, कोड पुसले गेले, गाडी परत मिळाली, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेस व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधील ऑइलच्या झडपांचा संच) बदलण्याचा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्यांना मी फारसा दोष देत नाही. पाऊस आणि बिघाड हातात हात घालून आलेले दिसल्यावर मलाही पाणीच सुचले होते.

नवा स्कॅनर जोडल्यावर गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये तीन नोंदी दिसल्या : पी०५६२ म्हणजे यंत्रणेचे व्होल्टेज कमी, आणि पी०७५३ व पी०७५८ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्ट सॉलिनॉइडच्या विद्युत मंडलातील दोष. पी०७३१ ते पी०७३५ या मालिकेतील एकही कोड नव्हता, आणि ही अनुपस्थिती माझ्या दृष्टीने फार मोलाची होती. गिअरबॉक्समध्ये शिरणारा वेग आणि बाहेर पडणारा वेग यांचे प्रमाण लागलेल्या गिअरशी जुळले नाही, म्हणजे आतले क्लच घसरू लागले, की त्या मालिकेतील कोड पडतात. ते नाहीत, म्हणजे आतला यांत्रिक भाग धड असण्याची शक्यता बरीच. शिवाय दोन सॉलिनॉइड एकाच क्षणी जळावेत हा योगायोग जरा अतीच होता. दोन वेगळ्या दिव्यांनी एकदम मान टाकली तर बल्ब बदलण्याआधी दोघांची सामाईक तार पाहावी, एवढे तारतम्य कोणालाही असते. स्कॅनरच्या मदत-पानावर मात्र पी०७५३ पुढे पहिली सूचना होती ती ‘सॉलिनॉइड बदला’ अशी. कोडची मूळ व्याख्या मंडलाविषयी बोलते. मंडलात तार येते, कपलर येतो, अर्थिंग येते, मॉड्यूल येते आणि शेवटी सॉलिनॉइड येतो. हे मदत-पान ज्याने लिहिले त्याने खाली वाकून कधी एखादा कपलर सोडवला असेल असे मला वाटत नाही, आणि पहिला अर्धा गुण मी येथे कापतो.

स्कॅनरचा खरा उपयोग झाला तो कोडसोबत साठवलेल्या स्थिर चित्राचा. कोड पडतो त्या क्षणी मॉड्यूल काही आकडे गोठवून ठेवते. माझ्या गाडीतील त्या चित्रात गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान नेहमीचे होते, वेग मध्यम होता आणि मॉड्यूलला मिळणारे व्होल्टेज होते १०.६. चालू इंजिन असताना, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र) बॅटरी भरत असताना, साडेदहा. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असतानाही १२.६ च्या आसपास दाखवते आणि चार्जिंग चालू असताना १३.८ ते १४.५ पर्यंत जाते. म्हणजे एक तर अल्टरनेटर झोपला होता, किंवा वीज निघत होती पण पोहोचत नव्हती. हे चित्र कोड पुसले की पुसले जाते, आणि गॅरेजमध्ये दोनदा तेच झाले होते. याच कारणाने या स्कॅनरच्या मांडणीविषयी माझी मोठी तक्रार आहे : ‘कोड पुसा’ हे बटण पहिल्याच पडद्यावर, ठळक रंगात, अंगठा आपोआप जाईल अशा जागी आहे, आणि स्थिर चित्र तीन पायऱ्या आत दडलेले आहे. उलट असायला हवे होते.

येथून पुढचे काम स्कॅनर आणि साधा मल्टिमीटर यांनी मिळून केले. कोरड्या रात्री गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, मी एकेक भार चढवत गेलो : हेडलाइट, मग ब्लोअर पूर्ण वेगावर, मग मागच्या काचेची बाष्प घालवणारी तापती जाळी, मग वायपर. प्रत्येक बटणागणिक स्कॅनरवरचा मॉड्यूलच्या व्होल्टेजचा आकडा एकेक पायरी उतरत होता. शेवटी तो ११.४ वर स्थिरावला. त्याच क्षणी मल्टिमीटर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर टेकवला, तर तेथे १४.१ व्होल्ट. अल्टरनेटर निर्दोष, बॅटरी निर्दोष, आणि वाटेत २.७ व्होल्ट गायब. पावसाळी रात्रीचे गूढही तेथेच उकलले. पाऊस म्हणजे वायपर, काचेवरचे बाष्प घालवायला ब्लोअर आणि जाळी, रात्र म्हणजे हेडलाइट. पाणी कोठेही शिरत नव्हते; पावसात माणूस सगळी बटणे दाबतो, इतकेच. त्यावर चालत्या गाडीत रेडिएटरचा विजेवरचा पंखा सुरू झाला की उरलेसुरले व्होल्टेजही घसरत असणार.

मग मीटरचे लाल टोक बॉडीच्या उघड्या धातूवर आणि काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवले. सर्व भार चालू असताना या दोन जागांत व्यवहारात शून्यच, फार तर ०.१ ते ०.२ व्होल्टचा फरक दिसायला हवा. मीटरने २.५ दाखवले. या गाडीत बॅटरीची जाड निगेटिव्ह केबल इंजिनाला जाते आणि तेथून बॉडीला जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी गिअरबॉक्सच्या घरावरून निघते. सेल्फ इंजिनावर बसलेला असल्याने त्याला ती पट्टी लागत नाही. म्हणून गाडी एका झटक्यात सुरू होई आणि अर्थिंगचा संशय कोणालाच आला नाही. दिवे, ब्लोअर आणि बॉडीवर अर्थ घेतलेले गिअरबॉक्सचे मॉड्यूल या सर्वांचा परतीचा रस्ता मात्र तीच पट्टी होती. हेडलाइट थोडे पिवळट वाटत हे मला आधीही दिसले होते, पण जुनी गाडी आहे म्हणून मी त्यांना सूट दिली होती.

खात्रीसाठी मी बॅटरी जोडायच्या जंपर केबलचे एक टोक इंजिनाच्या लिफ्टिंग हुकला आणि दुसरे बॉडीच्या बोल्टला लावले. स्कॅनरवरचा आकडा डोळ्यांदेखत ११.४ वरून १३.७ वर चढला आणि हेडलाइटचा उजेड समोरच्या भिंतीवर पांढरा झाला. स्कॅनरसाठी खर्च केलेला पैसा वसूल झाला असे वाटण्याचा क्षण तोच, कारण स्टिअरिंगमागे बसून मॉड्यूलच्या नजरेने व्होल्टेज पाहण्याचा दुसरा सोपा मार्ग माझ्याजवळ नव्हता. गाडीखाली जाऊन पट्टी पाहिली. पूर्वी कधीतरी गिअरबॉक्स उतरवला गेला असावा. बसवताना पट्टीचे टोक रंगाच्या थरावर आवळले होते, बोल्टभोवती हिरवी भुकटी जमली होती आणि विणलेल्या तारांपैकी बऱ्याच टोकापाशी तुटून केसांसारख्या वर आल्या होत्या. नवी पट्टी, दोन्ही जागी चकाकेपर्यंत घासलेला धातू, वरून ग्रीसचा हात, आणि बॉडीचा फरक ०.०५ व्होल्टवर आला. त्यानंतर दोन पावसाळी महिन्यांत गिअरबॉक्स एकदाही अडकला नाही. व्हॉल्व्ह बॉडी जुनीच आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्याविना पुढे जाता येत नाही, कारण ती चूक मी आधी केली होती. त्याच पट्टीची मी पहिल्यांदा ओहमवर तपासणी केली तेव्हा मीटरने ०.३ दाखवले आणि बझरही वाजला. मी समाधानाने मीटर मिटून ठेवला. मीटरची टोके एकमेकांना टेकवली तरी तो ०.३ च दाखवतो, हे नंतर ध्यानात आले. पट्टीतून साठेक अँपिअर करंट वाहत असेल तर अवघा ०.०४ ओहमचा अडथळाही जवळजवळ अडीच व्होल्ट खाऊन टाकतो, आणि साध्या मीटरला ०.०४ ओहम दिसतच नाही. एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. जाड तारांची आणि अर्थिंगची परीक्षा भार चालू ठेवून, व्होल्टच्या मापातच घ्यावी लागते. सॉलिनॉइड मात्र ओहमवर तपासता येतात. गिअरबॉक्सचा कपलर सोडवून मोजले तेव्हा एकाने १३.२ आणि दुसऱ्याने १३.४ ओहम दाखवले, म्हणजे दोन्ही जुळी भावंडे तंदुरुस्त होती. कपलर आतून कोरडा होता, हेही पाहून घेतले, कारण काही गिअरबॉक्समध्ये ऑइल तारांच्या आतून वातीसारखे चढत चढत थेट मॉड्यूलच्या कपलरपर्यंत जाते आणि मग पाण्यावर आळ येतो.

दुसरा बिघाड ट्रान्सफर केसचा होता, आणि त्यात स्कॅनरची थेट आदेश देण्याची सोय कामाला आली. फोर हायचे (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद देण्याचे) बटण दाबले की दिवा लुकलुकत राही आणि पुढची चाके काही जोडली जात नसत. स्कॅनरने ट्रान्सफर केसची मोटर ठरलेल्या वेळेत जागेवर पोहोचली नाही, असा कोड दिला. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अटकाव लावून, मी पडद्यावरून मोटरला आदेश दिला आणि सोबत्याला खाली कान लावायला सांगितले. डॅशबोर्डमागे रिलेची टिक ऐकू आली, खाली मात्र शांतता. मोटरचा कपलर सोडवून मीटर लावला तर आदेशासरशी १२.१ व्होल्ट. मोटरपर्यंत वीज येते आणि मोटर हलत नाही, म्हणजे मोटर गेली, असा निष्कर्ष निघायला अगदी तयार होता. त्याऐवजी मी मोटरच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडून पाहिला, आणि त्या बल्बची तार फक्त लालसर झाली. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून गंजलेल्या पिनेपलीकडेही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब दीड-पावणेदोन अँपिअर मागतो आणि खोटेपणा उघडा पडतो. चेसिसच्या आडव्या पट्टीवर, चिखल उडतो त्याच जागी बसवलेल्या मधल्या कपलरमध्ये एक पिन हिरवी पडून निम्मी झिजली होती. पिन बदलली, कपलर क्लीनरने धुतला, आणि मोटर गुरगुरत फिरली.

याच कामात स्कॅनरवर आणखी एक गोष्ट दिसली जिच्यासाठी अनेक जण उगाच गॅरेज गाठतात. फोर लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या स्थितीत) जाण्यासाठी या प्रकारच्या बहुतेक गाड्यांना पूर्ण थांबावे लागते आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा लागतो. लिव्हर न्यूट्रलवर असताना मॉड्यूलला तो न्यूट्रल ‘दिसतो’ का, हे चालू आकड्यांत लगेच कळते. माझ्या गाडीत लिव्हर एन वर असला तरी पडद्यावर अधूनमधून डी (ड्राइव्ह) उमटत होता. गिअरबॉक्सच्या बाजूचा स्विच थोडा सरकलेला होता. दोन बोल्ट सैल करून तो जागेवर आणला, दहा मिनिटांचे काम.

वापरलेली गाडी विकत घेण्याआधी असे यंत्र सोबत न्यावे का, असे मला विचारले जाते. न्यावे, पण कोड शोधायला नव्हे. विक्रेत्याने कोड पुसलेले असण्याची शक्यता नेहमीच असते आणि कोरी पाटी दाखवणे फार सोपे असते. त्याऐवजी दोन आकडे पाहावेत : कोड पुसल्यापासून गाडी किती अंतर चालली, आणि प्रदूषण-यंत्रणेच्या आत्मपरीक्षणांपैकी किती पूर्ण झाली आहेत. कोड पुसताच ही परीक्षणे पुन्हा ‘अपूर्ण’ होतात आणि ती पूर्ण व्हायला गाडी वेगवेगळ्या परिस्थितीत चालवावी लागते. ‘बिघाड नाही’ म्हणणाऱ्या गाडीत अंतर बारा किलोमीटर आणि परीक्षणे अपूर्ण निघाली, तर बोलणी तेथेच थांबवून, काल काय पुसले असे शांतपणे विचारावे. बॅटरी काढून ठेवली तरीही असे होऊ शकते, हे मान्य. पण मग बॅटरी का काढली, हाही प्रश्नच.

स्कॅनरला जे दिसत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे, कारण फोर बाय फोरच्या गिअरबॉक्सच्या तक्रारींपैकी बऱ्याच तेथेच असतात. गाडी घेतली तेव्हा पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले होते. नव्याची नक्षी १० मिलिमीटर आणि जुन्याची ४ धरली, तर व्यासात १२ मिलिमीटरचा फरक पडतो; ७६० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर तो दीड टक्क्याहून अधिक झाला. फोर हाय लागल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, आणि अशा स्थितीत शंभर मीटर अंतरात, ढोबळमानाने, एक जोडी दुसरीपेक्षा दीड मीटर जास्त जायला पाहते. मातीवर चाक घसरून हिशेब मिटवते. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ताण शाफ्टमध्ये, साखळीत आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो, फोर बाय फोर सुटता सुटत नाही आणि सुटतो तेव्हा धाडकन आवाज येतो. स्कॅनरच्या लेखी तेव्हाही सर्व मॉड्यूल निरोगी असतात. चारही टायर एकसारखे केल्यावर तो आवाज गेला.

ऑइलचेही तसेच. ट्रान्सफर केसमधून काढलेले ऑइल दुधाळ निघाले, म्हणजे आत पाणी होते. वरची श्वासनळी चिखलाने बुजली होती. तापलेले घर ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकुंचन पावते, नळीतून हवा घेता आली नाही तर सीलच्या कडेने पाणी ओढले जाते. हे कोणत्याही सेन्सरला कळत नाही, कारण तेथे सेन्सरच नाही. ऑइल बदलताना एक सवय लावून घ्यावी : आधी भरण्याचा प्लग सुटतो का ते पाहावे आणि मगच खालचा काढावा. वरचा गंजून बसला असेल आणि खालून सगळे ऑइल आधीच सांडले असेल, तर गाडी तेथेच खिळते. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची लोण्यासारखी साय असणे नेहमीचे आहे. नखाला टोचणारे तुकडे दिसले तर मात्र यंत्रे बाजूला ठेवून गिअरबॉक्स उघडण्याची तयारी करावी.

आता यंत्राच्या स्वतःच्या खोडी. सर्वांत मोठी म्हणजे, तो सॉकेटमध्ये खोचलेला राहिला तर गाडी झोपत नाही. गाडी लॉक करून बॅटरीच्या वाटेत मीटर बसवला, तेव्हा करंट आधी काही अँपिअर होता आणि पंचवीसेक मिनिटांत ०.०३ अँपिअरवर उतरला, जे योग्य आहे, साधारण ०.०५ च्या आत असले की चिंता नसते. स्कॅनर जोडलेला ठेवून तीच चाचणी केली, तर करंट ०.३५ च्या खाली उतरेना. म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-तासांहून जास्त, आणि ७० ची बॅटरी चार दिवसांत निम्मी. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख नाही. मला ते कळले ते पाचव्या दिवशी सकाळी सेल्फने नुसतीच टकटक केल्यावर. यासाठी पूर्ण अर्धा गुण.

उरलेला अर्धा गुण अद्ययावत माहितीच्या वर्गणीसाठी : पहिले वर्ष मोफत, नंतर पैसे. वर्गणी न भरल्यास आहे ते चालू राहते, हे त्यातल्या त्यात बरे. पडदा उन्हात कसाबसा वाचता येतो, केबल पुरेशी लांब आहे, रबरी आवरणामुळे दोनदा हातातून निसटूनही काही झाले नाही. एकदा यंत्र चालूच होईना, तेव्हा दोष गाडीच्या फ्यूजचा निघाला. अनेक गाड्यांत या सॉकेटच्या सोळाव्या पिनेचा पुरवठा आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात. यंत्र चालू होऊनही एकही मॉड्यूल सापडले नाही, तर बॅटरी सोडवून सहाव्या आणि चौदाव्या पिनेमध्ये ओहम मोजावेत. मॉड्यूलांच्या सामाईक तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे ६० च्या आसपास आकडा आला तर तार शाबूत आहे. १२० आला तर कोठेतरी तुटली आहे आणि शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

ज्यांच्याजवळ अजून काहीच नाही त्यांनी आधी चांगला मल्टिमीटर आणि तारा जोडलेला एक २१ वॅटचा बल्ब घ्यावा. मीटर आणि बल्ब वापरण्याची ज्यांना आवड किंवा सवड नाही, त्यांनी या स्कॅनरच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्या हाती तो फक्त सुटे भाग विकत घेण्याचे निमित्त ठरेल. ज्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे आणि फोर बाय फोर विजेवर लागते, त्यांनी मात्र स्कॅनरच्या यादीत आपल्या गाडीच्या गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे मॉड्यूल खरोखर आहे का, हे घेण्याआधी विचारून घ्यावे. खोक्यावर ‘सर्व यंत्रणा’ असे छापलेले असते आणि प्रत्यक्षात ट्रान्सफर केस गाळलेली असते.

माझ्या गाडीचे एक कोडे अजून शिल्लक आहे. सकाळी गाडी थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना एक हलका धक्का बसतो. स्कॅनर सर्व मॉड्यूलपुढे ‘कोड नाही’ असे लिहितो, आत-बाहेरच्या वेगांचे प्रमाण जुळते, व्होल्टेज १३.९ वर ठाम आहे. गिअरबॉक्सने शिकून ठेवलेली दाबाची मूल्ये स्कॅनरनेच पुसून पाहिली; आठवडाभर सगळेच गिअर आडदांडपणे पडले, मग सवयीने मऊ झाले, तो एक धक्का मात्र राहिला. ऑइल ४० अंशांच्या पुढे गेले की तोही नाहीसा होतो. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी पॅन उतरवून चुंबक पाहायचे ठरवले आहे. तोवर सकाळचे पहिले दोन किलोमीटर मी अॅक्सिलरेटर हलकेच दाबून काढतो.